एका चॅसिसमधील विजेचा जमाखर्च

विजेचा वापर मोजणे आणि विजेचा कारभार पाहणे या दोन गोष्टी एकच, असा समज संगणकगृहांच्या व्यवहारात पुष्कळ काळ रूढ होता, आणि जोवर प्रत्येक सर्व्हर आपला पॉवर सप्लाय व आपले पंखे घेऊन रॅकमध्ये स्वतंत्र संसार थाटीत होता, तोवर या समजामुळे कोणाचे फारसे अडतही नव्हते. २००१ साली आरएलएक्स कंपनीने ब्लेड सर्व्हर, म्हणजे एकाच समाईक पेटीत (चॅसिसमध्ये) शेजारी शेजारी बसणारे पातळ सर्व्हर, बाजारात आणले. पाठोपाठ आयबीएमचे ब्लेडसेंटर, एचपीचे सी-क्लास, डेलचे एम१०००ई आणि २००९ मध्ये सिस्कोचे यूसीएस असे एकेक चॅसिस येत गेले, आणि आठ, चौदा किंवा सोळा सर्व्हरांना समाईक सप्लायवर व समाईक पंख्यांवर गुजराण करणे भाग पडले. मिळकत समाईक झाली की वाटणीचा प्रश्न येतो, आणि वाटणी करावयाची तर नकार देण्याचा अधिकारही कोणाकडे तरी सोपवावा लागतो.

हा अधिकार कसा चालतो हे एम१०००ईच्या उदाहरणाने नीट उमजते. अर्ध्या उंचीचे सोळा ब्लेड, नऊ पंखे आणि सहा पॉवर सप्लाय अशी त्याची मांडणी. सप्लाय प्रत्येकी २,३६० वॅटचे धरले, तर बेरीज १४,१६० वॅट होते. परंतु ही सारी रक्कम खर्चास मोकळी नसते. एक सप्लाय राखीव ठेवल्यास ११,८०० वॅट उरतात. आणि तीन सप्लाय एका फीडरवर (वीज आणणाऱ्या वाहिनीवर), तीन दुसऱ्या फीडरवर जोडून, एक फीडर समूळ गेला तरी काम खंडित होऊ नये अशी अट घातल्यास अवघ्या ७,०८० वॅटांवर कारभार करावा लागतो. बटण दाबले म्हणून ब्लेड सुरू होत नाही. त्यावरील देखरेखीचा छोटा संगणक प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा विचार करून आपली गरज चॅसिसच्या नियंत्रकाला कळवितो. नियंत्रक शिल्लक पाहतो, आणि तरतूद असेल तर मंजुरी देतो, नसेल तर ते ब्लेड बंदच ठेवतो. एखादा सप्लाय निकामी झालाच, तर एक ते नऊ अशा ठरवून दिलेल्या अग्रक्रमानुसार खालच्या पायरीवरील ब्लेडांचा वेग प्रथम आवळला जातो.

अशा हुकमांना आधार लागतो तो मोजमापाचा. १९९८ मध्ये इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी आयपीएमआय ही देखरेखीची समान पद्धत ठरविली. २००५ मध्ये आलेल्या पीएमबस या संपर्कपद्धतीमुळे सप्लायला स्वतःचे व्होल्टेज, प्रवाह आणि तापमान सांगता येऊ लागले. २०१५ पासून रेडफिश या मानकाने हेच दफ्तर आधुनिक रूपात खुले केले. या दफ्तरात सरासरी आणि कमाल या दोन्ही नोंदी वेगळ्या वाचाव्या लागतात, कारण वीजबिलाला युनिटांची बेरीज बव्हंशी पुरते, परंतु सर्व ब्लेडांवर एकदम काम आले तर ब्रेकरचा निकाल त्या उसळीवरच लागतो. म्हणूनच ब्लेडाला वॅटांची कमाल मर्यादा घालून देण्याची सोय, ज्याला या व्यवसायात पॉवर कॅपिंग म्हणतात, केवळ बचतीसाठी नसून मुख्यत्वे त्या उसळीच्या बंदोबस्तासाठी असते.

बचतीचे मार्ग निराळे आहेत. संशोधक बारोसो आणि होल्झ्ले यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की त्या काळचा सर्व्हर काहीही काम न करता भर कामाच्या सुमारे निम्मी वीज खात होता. पॉवर सप्लायची कार्यक्षमता साधारणतः निम्म्या भारावर उत्तम असते आणि अगदी हलक्या भारावर ढासळते. त्यामुळे सहाही सप्लाय नाममात्र भारावर राबविण्यापेक्षा, राखीव साठ्याची अट सांभाळून, काहींना सज्ज स्थितीत विसावू देणे किफायतशीर ठरते. पंख्यांच्या बाबतीत निसर्गनियमच अनुकूल आहे: पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग ऐंशी टक्क्यांवर आणला की खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो, मात्र हवा फार गरम झाली, तर याच नियमाने वाचविलेले सारे परत वसूल होते.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांमुळे एकेका रॅकची मागणी शंभर किलोवॅटांपलीकडे गेली आहे, आणि सप्लाय चॅसिसमधून बाहेर पडून रॅकच्या समाईक शेल्फवर जाऊन बसले आहेत. तरी मंजूर किती, खर्च किती आणि राखीव किती हे तीन प्रश्न होते तेथेच आहेत. मंजुरी आणि प्रत्यक्ष खर्च यांतील अंतर नोंदींच्या आधारे कमी करणे, ही कारभाऱ्याची खरी कमाई. पण त्या हव्यासापायी राखीव साठ्याला हात लागला, तर तो हिशेब कागदावर कितीही सुबक दिसला तरी फसवाच म्हणावा लागेल. ज्या संगणकगृहात ठरलेल्या वेळी, सर्वांना सूचना देऊन, एक फीडर मुद्दाम बंद करून कधी पाहिलेलाच नाही, तेथील दुहेरी वीजव्यवस्था सिद्ध झाली असे मानण्यास आधार नाही.