पोलादी पेटीतला माणूस

२८ जानेवारी १९३२ च्या रात्री शांघायच्या झाबेई भागात जपानी आरमाराचे सैनिक आणि चिनी सैन्य यांच्यात लढाई जुंपली. जपान्यांकडे इंग्लंडमध्ये घडवलेल्या व्हिकर्स-क्रॉसली चिलखती गाड्या होत्या. वर अर्धगोल घुमट आणि घुमटातून बाहेर डोकावणाऱ्या मशिनगन. जुन्या छायाचित्रांत या गाड्या रस्त्यात उभ्या दिसतात. त्यांच्या समोर असलेल्या वस्तीचे काय झाले ते सर्वज्ञात आहे. झाबेईची राखरांगोळी झाली. पण घुमटाच्या आत बसून गोळीबार करणाऱ्याच्या शरीराचे काय होत असे, याचा विचार क्वचितच होतो.

जपानने स्वतः मोठ्या संख्येने बनवलेला पहिला रणगाडा ‘टाइप ८९’ हा १९२९ सालचा. जपानी राजवंशाच्या कालगणनेत ते वर्ष २५८९ होते, त्यावरून हे नाव पडले. त्यावर ५७ मिलिमीटरची तोफ आणि ६.५ मिलिमीटरच्या दोन मशिनगन असत. एक पुढच्या बाजूला, दुसरी फिरत्या घुमटाच्या पाठीमागे. आत माणसे चार. पुढे १९३४ मध्ये ‘टाइप ९४’ ही जेमतेम साडेतीन टनांची गाडी आली. तिच्यात दोनच माणसे. एक गाडी हाकणार, दुसरा एकट्याने घुमट फिरवणार, नेम धरणार, काडतुसे भरणार आणि गोळ्या झाडणार.

या गाड्यांतली ‘टाइप ९१’ मशिनगन म्हणजे पायदळाच्या १९२२ सालच्या ‘टाइप ११’ बंदुकीचेच बदललेले रूप. तिला काडतुसांचा लांब पट्टा नव्हता. पाच-पाच काडतुसांच्या पट्ट्या एका चौकोनी खोक्यात एकावर एक रचायच्या. रिकामी पुंगळी आत अडकू नये म्हणून प्रत्येक काडतुसाला तेलाचा हात लागत असे. उघड्या मैदानात या तेलाला धूळ चिकटे आणि बंदूक अडे. बंद गाडीत तापलेल्या बंदुकीवर तेच तेल जळून धूर होई.

धुरापेक्षा घातक गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही. काडतुसातली दारू जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. त्यातला बराचसा नळीच्या तोंडातून बाहेर जातो, पण बंदूक पुढची गोळी घेण्यासाठी उघडते तेव्हा उरलेला वायू मागे, माणसाच्या चेहऱ्याकडे येतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग विचार गोंधळतो. माणसाला वाटते, उकाड्याने थकलो. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्यांतून सैनिक याच कारणाने गरगरत, ओकत बाहेर पडत.

दुसरा घाव कानावर. मशिनगनच्या एकेका गोळीचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो. तेवढ्या आवाजाचा एकच धक्काही कानाला इजा करू शकतो. पोलादी भिंतींत तो आवाज पुन्हा पुन्हा आपटतो. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे स्वर जातात, म्हणजे पाखरांचा किलबिलाट, लहान मुलांचे बोलणे. कानात सतत शिट्टी वाजत राहते ती वेगळीच.

तिसरा धोका डोळ्यांना. शत्रूची गोळी चिलखतावर फुटली की शिशाचे आणि पोलादाचे कण पाहण्याच्या फटींतून आत उडतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना यासाठी साखळ्या लावलेले मुखवटे दिले होते. जपानने १९३७ मध्ये ‘टाइप ९७’ ही ७.७ मिलिमीटरची मशिनगन घेतली. ती चेकोस्लोव्हाकियाच्या बंदुकीवरून बेतलेली होती. तिच्या दुर्बिणीला रबराची गादी होती, बंदुकीचा धक्का डोळ्याला बसू नये म्हणून. काडतुसांना तेल लावण्याची गरजही राहिली नाही.

सर्वांत उशिरा कळणारा धोका भिंतीतच होता. १९३५ च्या ‘टाइप ९५’ रणगाड्याला आतून अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर होते. उन्हाने तापलेले पोलाद अंगाला भाजू नये आणि खाचखळग्यांत डोके आपटू नये, हा त्यामागचा चांगला हेतू. पण या खनिजाचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की तिथेच रुतून बसतात. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग व्हायला त्यानंतर वीस ते चाळीस वर्षे लागतात. जपानने अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली ती २००६ मध्ये.

शस्त्र बनवणाऱ्यांनी आधी चिलखताची जाडी मोजली, आतल्या माणसाचा श्वास नंतर मोजला गेला. अमेरिकेने १९४२ मध्ये फोर्ट नॉक्स येथे केवळ रणगाडा दलासाठी वैद्यकीय प्रयोगशाळा काढली आणि उष्णता, वायू, थकवा यांचा पद्धतशीर अभ्यास केला.

यांतले तीन धोके आजही घराघरांत आहेत. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर तोच वायू सोडतो. आंघोळ करताना डोके जड झाले, मळमळले तर आधी दार उघडून बाहेर या, कारण मागाहून शोधा. खिडकी किंवा झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर लावूच नये. यंत्रमागावर, पत्र्याच्या कारखान्यात, ढोल-ताशा पथकात किंवा डीजेच्या भिंतीजवळ तासन्‌तास उभे राहणाऱ्याने कानात बोळे घालावेत. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज कानाला घातक आहे असे समजावे. छपरावरचे जुने सिमेंटचे पत्रे कोरडे कापू, फोडू किंवा घासू नयेत. काढायचेच असतील तर पाण्याने भिजवून, अख्खे उतरवावेत.

कान, रक्त आणि फुप्फुस यांना युद्ध आणि शांतता यांतला फरक कळत नाही.