पाणबुड्याच्या पाठीवरील हवा

आमच्या धाराशिव जिल्ह्यास समुद्र नाहीं. परंतु सुटींत मालवण-तारकर्लीस जाऊन पाण्याखालीं उतरूं पाहणारे विद्यार्थी आतां येथेंही आढळतात. पाठीवरील टाकींत निव्वळ प्राणवायु असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा होय. तींत बहुधा साधी हवाच असते. मात्र ती सुमारें 200 पट दाबलेली असते. 12 लिटरांच्या टाकींत अशी सुमारें 2400 लिटर हवा मावते.

सायकलीचा पंप जोरानें मारिला असतां तापतो. टाकीही भरतांना तापते व निवाल्यावर तींतील दाब उतरतो. म्हणून ती सावकाश भरावी लागते. खांद्यावर ठोकलेली तपासणीची तारीख पाहिल्यावांचून सुज्ञ दुकानदार टाकीस नळी जोडीत नाहीं. आंत ओल राहिल्यास पोलाद गंजतें, आणि क्षीण झालेली टाकी फुटणें म्हणजे स्फोटच.

परंतु अधिक घातक गोष्ट डोळ्यांस दिसत नाहीं. हवा दाबणारें यंत्र तेलावर चालत असेल व त्याचा धूर हवा ओढणाऱ्या तोंडाशीं येत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु टाकींत शिरतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. विहिरींत उतरवून चालविलेल्या इंजिनाजवळ माणसें दगावतात, तीं बहुधा ह्याच वायूनें. समुद्रांत 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, तेव्हां त्याचा माराही वाढतो. यास्तव हें तोंड धुरापासून दूर, वारा येतो त्या बाजूस ठेवितात. मोटारीच्या चाकांत भरावयाची हवा तर श्वासासाठीं मुळींच घेऊं नये. तींत तेलाची वाफ असूं शकते. पालकांनीं पैसे देण्यापूर्वीं "टाकी कोठें भरतां, हवा कोठून ओढतां?" असें खुशाल विचारावें.