हुरजूक, नसीमा

हुरजूक, नसीमा : (१९५० – ). अपंग व्यक्तींचे पुनर्वसन व हक्क यांसाठी कार्य करणाऱ्या महाराष्ट्रातील समाजकार्यकर्त्या आणि कोल्हापूर येथील ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेच्या संस्थापक. अपंगांसाठी इतरांनी चालविलेल्या संस्था महाराष्ट्रात पूर्वीपासून होत्या. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका स्त्रीने आपल्यासारख्याच सहकाऱ्यांना बरोबर घेऊन संस्था उभारावी आणि तिचा कारभार पाहावा, हे मात्र त्या काळी नवे होते. त्यांच्या कार्याचे वेगळेपण मुख्यतः यात आहे.

त्यांचा जन्म सोलापूर येथे झाला. बालपणी त्यांना खेळांची विशेष आवड होती. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांच्या शरीराचा कमरेखालील भाग लुळा पडला. या अवस्थेस अधरांगघात म्हणतात. तीत मेरुरज्जूला इजा झाल्यामुळे मेंदू व पाय यांच्यातील संदेशवहन खंडित होते. त्यामुळे पायांची हालचाल थांबते, स्पर्शाची व वेदनेची जाणीव जाते आणि मलमूत्रविसर्जनावरील ताबाही सुटतो. एकाच जागी फार वेळ दाब पडला, तरी तो रुग्णास जाणवत नाही. परिणामी शय्याव्रण होतात व ते हाडापर्यंत पोहोचू शकतात. मूत्रमार्गाचा वारंवार होणारा संसर्ग मूत्रपिंडांना घातक ठरतो. मेरुरज्जूची इजा बहुधा पूर्णपणे भरून येत नाही. परंतु ठरावीक वेळाने शरीराची स्थिती बदलणे, मूत्राशयाची नियमित निगा आणि योग्य मापाची खुर्ची एवढ्या गोष्टी साधल्या, तर अशी व्यक्ती दीर्घ व कार्यक्षम जीवन जगू शकते. ही माहिती रुग्णापर्यंत व त्याच्या घरच्यांपर्यंत वेळीच पोहोचली नाही, तर मूळ इजेपेक्षा हे उपद्रवच जिवावर बेततात.

निराशेच्या काळात नसीमा यांची भेट बाबूकाका दिवाण यांच्याशी झाली. दिवाण स्वतः चाकाच्या खुर्चीवर असत. तथापि व्यवसाय सांभाळून ते खास बदल केलेली मोटार स्वतः चालवीत. चालता न येणे म्हणजे काहीच न करता येणे नव्हे, हे त्यांच्या उदाहरणावरून नसीमा यांना उमगले. पुढे त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि केंद्रीय उत्पादन शुल्क व सीमाशुल्क खात्यात नोकरी मिळविली. नोकरी करीत असतानाच त्यांनी अपंगांच्या संघटनेचे काम सुरू केले. १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन झाली. पोलिओमुळे अपंगत्व आलेल्या गायिका रजनी करकरे-देशपांडे या त्यांच्या प्रमुख सहकाऱ्यांपैकी होत. कालांतराने स्वेच्छानिवृत्ती घेऊन नसीमा यांनी या कामास सर्व वेळ वाहून घेतला.

संस्थेच्या कार्याची रचना पाहता पुनर्वसनाची कल्पना त्यांनी किती व्यापक मानली, हे ध्यानात येते. खेड्यातील अपंग मुलास शाळेत जाता येत नाही, याचे कारण केवळ त्याचे पाय हे नसते. शाळेच्या पायऱ्या, चिखलाची वाट, वापरता न येणारे स्वच्छतागृह आणि ‘शिकून काय करणार?’ हा घरातील प्रश्न ही सारी कारणे त्यात मिसळलेली असतात. म्हणून कोल्हापूरजवळ उचगाव येथे ‘घरौंदा’ हे वसतिगृह उभारण्यात आले. ‘समर्थ विद्यामंदिर’ या शाळेत अपंग व इतर मुलांच्या एकत्र शिक्षणाची सोय झाली. कार्यशाळेत चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, कॅलिपर इ. साधने तयार होऊ लागली व त्या कामातून अपंगांनाच रोजगार मिळाला. सिंधुदुर्ग जिल्ह्यात ‘स्वप्ननगरी’ हा प्रकल्प सुरू करण्यात आला असून त्यात काजूप्रक्रियेच्या उद्योगाची जोड देण्यात आली. उपचार, साधन, शिक्षण व रोजगार या चार दुव्यांपैकी एक जरी निखळला, तरी उरलेल्या तिन्हींचा उपयोग मर्यादित राहतो, हे या रचनेमागील सूत्र होय.

संस्थेची कसोटी तिच्यात किती जण राहतात यावर नसून, किती जण तिच्याबाहेर स्वतंत्रपणे राहू शकतात यावर ठरते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील सोनाली नवांगुळ या लेखिका बालपणी बैलगाडीच्या अपघातात मेरुरज्जूला इजा होऊन अपंग झाल्या. त्यांनी काही वर्षे या संस्थेत काम केले व नंतर कोल्हापुरातच स्वतंत्र घर करून राहण्याचा निर्णय घेतला. तमिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीच्या ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या त्यांच्या मराठी अनुवादास २०२० सालचा साहित्य अकादेमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. वसतिगृह हा मुक्काम नसून टप्पा असावा, असे या उदाहरणावरून म्हणता येते.

नसीमा यांच्या कार्याच्या काळात कायद्याची दृष्टीही पालटत गेली. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. भारतात १९९५ च्या अधिनियमाने सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली व शासकीय नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. भारताने त्यास २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. त्यास अनुसरून झालेल्या ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ मध्ये प्रकारांची संख्या २१ झाली, नोकऱ्यांतील आरक्षण चार टक्के झाले आणि शासनाच्या उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव झाल्या. ‘अपंग’ या शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द शासकीय व्यवहारात याच सुमारास रूढ झाला. शब्द बदलला, तरी पायरी तशीच राहिली तर खुर्चीवरील व्यक्तीची अडचण दूर होत नाही. पंधरा सेंमी. उंचीची एक पायरी ओलांडण्यास १:१२ या चढाच्या प्रमाणानुसार सु. १.८ मी. लांबीची उतरती वाट लागते, दरवाजा सु. ९० सेंमी. रुंद असावा लागतो आणि खुर्ची वळविण्यास सु. १.५ मी. व्यासाची मोकळी जागा हवी असते. बांधकामाच्या वेळीच या मापांचा विचार झाला, तर त्यास फारसा खर्च येत नाही.

निर्णयप्रक्रियेत अपंगांचा स्वतःचा सहभाग असावा, हा विचार जगात इतरत्रही प्रबळ झाला. ‘आमच्याविना आमच्याविषयी काही नको’ ही घोषणा दक्षिण आफ्रिकेतील अपंगांच्या चळवळीने दूरवर पोहोचविली. युगांडाच्या संसदेत अपंगांच्या प्रतिनिधींसाठी जागा राखून ठेवल्या असून त्यांत स्त्री-प्रतिनिधीचीही तरतूद आहे. भारतीय संसदेत अशी तरतूद नाही. त्यामुळे येथे हक्कांचा आग्रह मुख्यतः संस्था, न्यायालये व वृत्तपत्रे यांच्याद्वारे धरला गेला.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सु. २.६८ कोटी अपंग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सु. १.१८ कोटी स्त्रिया होत्या आणि एकूण संख्येच्या सु. ६९ टक्के व्यक्ती ग्रामीण भागात राहत होत्या. महाराष्ट्रातील संख्या सु. २९.६ लाख होती. कोल्हापूरपासून दूर असलेल्या खानदेशासारख्या प्रदेशात या आकड्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या यावल, रावेर वा शिरपूर तालुक्यांतील पाड्यांवरून वैद्यकीय तपासणीसाठी जळगाव किंवा धुळे गाठावयाचे, तर सोबतीच्या माणसाची मजुरी बुडते. आईवडील मुलासाठी हा खर्च सोसतात. मुलीच्या बाबतीत तो बहुधा पुढे ढकलला जातो. जळगाव येथे दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पाने दिव्यांग युवकयुवतींसाठी निवासी उच्च शिक्षणाची व स्पर्धा-परीक्षांच्या मार्गदर्शनाची सोय केली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही निर्माण केला. अशा सोयी तालुक्यापर्यंत पोहोचणे, हा पुढील टप्पा होय.

नसीमा यांनी ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र लिहिले असून त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला आहे. एरवी बाजूला ठेवली जाणारी ही वस्तू त्यांनी पुस्तकाच्या नावातच पुढे आणली. खुर्ची हे आजाराचे चिन्ह नसून ते वाहन आहे. तिला वाट मिळवून देणे ही दया नसून समाजाचे कर्तव्य आहे, ही भूमिका महाराष्ट्रात रुजविण्यात त्यांच्या कार्याचा मोठा वाटा आहे.