देणगी, विद्यार्थी आणि संशोधन : खान्देशातले काही गैरसमज

जळगाव-धुळ्याकडे ‘कॉलेजला देणगी’ म्हटले की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात : इमारतीवरची संगमरवरी पाटी आणि प्रवेशाच्या वेळी मागितलेली रक्कम. विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष पोचणारी, संशोधकाला दोन वर्षे निर्धास्त करणारी देणगी या दोन्हींहून वेगळी आहे. तिची परंपरा आपल्याच भागात शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तरीही तिच्याविषयी गैरसमजच जास्त आहेत.

गैरसमज : संशोधनासाठी पैसा देणे ही पुण्या-मुंबईची गोष्ट. खान्देशाने कापूस, केळी आणि सोन्याचा व्यापार पाहावा.

अमळनेरला जाऊन पाहा. तिथले गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. त्या वेळी पुणे विद्यापीठ अस्तित्वात नव्हते, ते १९४९ मध्ये सुरू झाले. जळगावचे विद्यापीठ तर १५ ऑगस्ट १९९० चे. अशा काळात एका तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांची राहण्याची सोय झाली, त्यांना विद्यावेतन आणि ग्रंथालय मिळाले. पोटाची काळजी न करता वाचावे, लिहावे, वाद घालावा, एवढ्यासाठी एका कापडगिरणीवाल्याने पैसा खर्च केला.

त्यातून काय निघाले? १९२५ पासून अमळनेरहून ‘द फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. जी. आर. मलकानी यांनी ते कित्येक वर्षे सांभाळले. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य, ज्यांचे नाव आजही भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमांत येते, ते इथे संचालक होते. टी. आर. व्ही. मूर्ती आणि रासविहारी दास इथेच अभ्यास करत होते. मलकानी, मूर्ती आणि दास या तिघांनी १९३३ मध्ये ‘अज्ञान’ हा ग्रंथ काढला, अद्वैतातल्या अज्ञानाच्या कल्पनेवर तिघांनी तीन बाजूंनी केलेला विचार. पुढे १९७३ पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ चालवले, तेही अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान केंद्राच्या साथीने. बोरी नदीकाठच्या गावाचे नाव जगभरच्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथालयांत पोचले ते या देणगीमुळे.

साने गुरुजी अमळनेरला आले तेही याच तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करायला. मग १९२४ ते १९३० ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढत. तत्त्वज्ञान शिकायला आलेला एक तरुण पुढे महाराष्ट्राचा गुरुजी झाला. देणगी देताना असला परिणाम कोणी लिहून ठेवू शकत नाही. म्हणूनच ‘या पैशाचा नेमका फायदा काय?’ हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारण्यात अर्थ नसतो.

गैरसमज : दान म्हणजे इमारत. जे दिसते तेच टिकते.

इमारती लागतातच. १९४५ मध्ये जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय, दोन्ही सुरू झाली, आणि दोन्हींची नावे गिरण्या चालवणाऱ्या घराण्यांची आहेत. त्या इमारतींत खान्देशाच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील मूळजी जेठाच्याच विद्यार्थिनी.

पण संशोधनाला लागणारा पैसा बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही. धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाचे उदाहरण घ्या. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. आयुष्यभर गावोगाव पायपीट करून त्यांनी जुनी दप्तरे मिळवली होती. संपत्ती म्हणाल तर मागे तेवढीच. त्यांच्या माघारी धुळ्याच्या मंडळींनी १९२७ च्या जानेवारीतच मंडळ स्थापन केले आणि तो कागदांचा ठेवा सांभाळायला घेतला. त्याच शहरात नानासाहेब देव यांची १८९३ मध्ये स्थापन झालेली सत्कार्योत्तेजक सभा रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते मठोमठी फिरून गोळा करत होती. ती आज समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत.

आता मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, अभ्यासकाच्या हाती जाण्याजोगा करायचा तर काय करावे लागते ते पाहा. आधी कापडाची गाठ सोडायची. मऊ कुंचल्याने एकेका कागदावरची धूळ काढायची. दुमडलेल्या कडा ओलसर करून सपाट करायच्या. कसरीने खाल्लेल्या जागी पातळ जपानी कागद पिठाच्या खळीने मागून चिकटवायचा. मग क्रमांक, सूची, स्कॅन. शेवटी मोडी वाचणारा माणूस हवा, जो तारीख, गाव आणि नाव बरोबर उतरवून घेईल. घाई केली तर कागद तुकडे होऊन हातात येतो. या कामाचे उद्‌घाटन होत नाही आणि कोनशिला बसत नाही. लागतात ती माणसांची वेतने, वर्षानुवर्षे. ज्या संस्थेला इमारतीसाठी देणगी मिळते पण सूचीकाराच्या पगारासाठी मिळत नाही, तिथे कपाटे भरलेली राहतात आणि संशोधक रिकाम्या हाताने परततो.

विज्ञानातही तेच. विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्याला आपला नमुना दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर तपासून घ्यावा लागतो, त्याची नमुन्यागणिक फी असते. रावेर-यावलच्या केळीवरच्या करप्यावर काम करणाऱ्याला शेतोशेती हिंडायला गाडीभाडे लागते. या रकमा छोट्या असतात, पण त्या वेळेवर मिळाल्या नाहीत की एक हंगाम जातो. शेतीच्या संशोधनात हंगाम गेला म्हणजे वर्ष गेले.

गैरसमज : सरकार सगळे देते. मग लोकांनी कशाला द्यायचे?

सरकार बरेच देते, हे आधी मान्य केले पाहिजे. २०२४-२५ पासून ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्याने पूर्ण माफ केले. शिष्यवृत्त्या आहेत, स्वाधार आणि स्वयंसारख्या योजना आहेत, बार्टी, सारथी, महाज्योतीच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. दान त्यांची जागा घेऊ शकत नाही, आणि ती घेऊही नये. सरकारी मदत हा विद्यार्थ्याचा हक्क आहे.

पण साक्री किंवा चोपडा तालुक्यातल्या गावाहून धुळ्या-जळगावात शिकायला आलेल्या मुलीचा हिशेब मांडा. शुल्क माफ झाले. उरले काय? खोलीचे भाडे, मेसचा डबा, एसटीचे तिकीट, प्रकल्पाची छपाई आणि बांधणी, मोबाइलचा रिचार्ज. शिष्यवृत्तीची रक्कम बँकेत येते ती कागदपत्रांची छाननी होऊन, पुष्कळदा वर्ष संपत आल्यावर. घरभाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. जुलै ते डिसेंबर हे सहा महिने तिने काढायचे कसे? गरीब घरातली कितीतरी मुले याच सहा महिन्यांत शिक्षण सोडतात. महाविद्यालयाच्या विद्यार्थी सहायता निधीतून आठवड्याभरात मिळालेले तीन-चार हजार रुपये इथे जे काम करतात, ते मार्चमध्ये आलेले वीस हजार करत नाहीत.

संशोधनातली फट याहून मोठी आहे. नेट-जेआरएफ उत्तीर्ण झालेल्याला २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. ते न मिळालेल्यांना केंद्रीय विद्यापीठांत निदान आठ हजारांची अधिछात्रवृत्ती आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ हे राज्याचे विद्यापीठ. इथल्या नेट-जेआरएफ नसलेल्या संशोधकाला त्या आठ हजारांचाही आधार नाही. कुठल्या योजनेत बसला तर ठीक, नाहीतर तो तासिका तत्त्वावर शिकवून रात्री प्रबंध लिहितो. प्रतापशेठांनी शंभर वर्षांपूर्वी जे केले, त्याची खरी गरज आज या मुलांना आहे.

गैरसमज : देणगी द्यायला शेठ असावे लागते.

मोठ्या देणग्यांची गोष्ट वेगळी. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले. आपल्या काळात भवरलालजी जैन यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये जळगावात गांधीतीर्थ उभे राहिले. असे दाते रोज जन्मत नाहीत.

पण १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला सयाजीराव गायकवाडांकडून जी शिष्यवृत्ती मिळाली, ती महिना साडेअकरा पौंडांची होती, तीन वर्षांसाठी. रकमेपेक्षा मला त्यातली नियमितता महत्त्वाची वाटते. दर महिन्याला येणार हे ठाऊक असलेला पैसा. पाच मित्रांनी मिळून एका विद्यार्थ्याचा मेसचा खर्च तीन वर्षे उचलणे हे त्याच जातीचे दान आहे. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, माजी विद्यार्थी, सगळ्यांच्या आवाक्यातले.

परतीच्या मदतीचीही वाट आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी सुरू केला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. शिकून मोठा झालेला विद्यार्थी पैसे परत करतो आणि ते पुढच्याला मिळतात. जयंत नारळीकरांनाही केंब्रिजला जाताना या निधीचा आधार मिळाला होता.

गैरसमज : प्रवेशासाठी मोजलेले पैसे हीसुद्धा देणगीच.

नाही. प्रवेशाच्या बदल्यात ठरलेल्या शुल्काहून जास्त रक्कम घेणे हा महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. स्वेच्छेने दिलेली देणगी संस्थेला घेता येते, पण तिच्या मोबदल्यात जागा राखून ठेवता येत नाही. पावती मिळाली म्हणून तो व्यवहार दान ठरत नाही.

गैरसमज : देणगी दिली की तेवढा कर वाचतो.

‘८०-जी’ म्हणून लोकांना माहीत असलेल्या सवलतीत साधारणपणे नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते, तीही मर्यादेत. दहा हजार दिले तर पाच हजार उत्पन्नातून कमी. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचले हजार रुपये आणि वर थोडा उपकर. दोन हजारांहून अधिक रोख दिली तर सवलत नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तरीही नाही. कर वाचवायला म्हणून देणारा निराशच होईल.

गैरसमज : एकदा ठेव ठेवली की कायमची सोय झाली.

आईवडिलांच्या नावाने सुवर्णपदक ठेवण्याची आपल्याकडे फार हौस. मुद्दल बँकेत, व्याजातून दरवर्षी पदक. नव्वदच्या दशकात बारा टक्के व्याज होते, तेव्हा पन्नास हजारांवर सहा हजार येत. व्याज साडेसहा टक्क्यांवर आले की सव्वातीन हजारच येतात. आणि सोने? १९९० च्या सुमारास दहा ग्रॅम सोने तीन-साडेतीन हजारांत मिळत होते, २०२५ मध्ये त्याने लाखाचा टप्पा ओलांडला. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावला हे समजावून सांगायला नको. म्हणून जुन्या ठेवींत वारसांनी भर घातली पाहिजे. आणि खरे सांगायचे तर, पदकापेक्षा ते मिळवणाऱ्या मुलीला पुढच्या वर्षाचे शुल्क किंवा पुस्तके दिलेली जास्त बरी. पदक कपाटात राहते.

गैरसमज : दिलेला पैसा कुठे जातो ते कळायला मार्ग नाही.

मार्ग आहे, आपण वापरत नाही. सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्याखाली हिशेब ठेवून, लेखापरीक्षण करून तो धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून, फी भरून ही कागदपत्रे पाहता येतात. जी संस्था विचारल्याबरोबर ताळेबंद दाखवते तिला द्या.

अमेरिकेत गेलेल्या मुलाकडून देणगी घेतानाही एक गोष्ट तपासावी. तो भारतीय नागरिक असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरला जात नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असूनही तो परदेशी स्रोत ठरतो. मग संस्थेकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. नोंदणी नसलेल्या संस्थेने तो घेतला तर अडचणीत संस्था येते.

यंदा देणार असाल तर दोन गोष्टी करा. आपण शिकलो त्या महाविद्यालयात विद्यार्थी सहायता निधी आहे का ते विचारा, नसेल तर माजी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन सुरू करायला लावा. आणि पावतीवर हेतू लिहून घेताना तो अरुंद ठेवू नका. ‘पंखे’ किंवा ‘खुर्च्या’ असे न लिहिता ‘विद्यार्थी साहाय्य’ किंवा ‘ग्रंथालय व संशोधन’ एवढेच लिहा, जुलैच्या आधी पैसे द्या आणि पुढच्या वर्षी हिशेब मागा.