कळंबचा रस्ता आणि लेकरांची छाती

रविवारी दुपारनंतर नालासोपाऱ्याहून निर्मळमार्गे कळंबच्या समुद्राकडे जाणारा रस्ता गाड्यांनी भरतो. एकेका मोटारीत दोन-तीन माणसं, पुढे रिक्षा, मागे दुचाकी. गाडी थांबते, इंजिन चालूच असतं. मोटारीतला माणूस काच वर करून घेतो. रस्त्याकडेच्या ओट्यावर खेळणाऱ्या पोराला काच कुठली?

धुरातले सर्वांत वाईट कण डोळ्यांना दिसत नाहीत. पीएम २.५ म्हणतात ते कण आपल्या केसाच्या जाडीच्या जेमतेम तिसाव्या भागाएवढे असतात. नाकात ते अडत नाहीत. फुफ्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात. दमा, हृदयविकार, लकवा यांचा धोका त्यांनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशात ती ४० आहे.

यावर नेहमीचं उत्तर एकच, रस्ता रुंद करा. पण रुंद केलेला रस्ता काही वर्षांत नव्या गाड्यांनी पुन्हा भरतो, हा जगभरचा अनुभव. आणि रुंदीकरणात पहिली कुणाची घरं जातात, हे वस्तीला वेगळं सांगायला नको.

दुसरा मार्ग आहे: माणसं तेवढीच येऊ द्या, गाड्या कमी येऊ द्या. आपण तो दरवर्षी पाहतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. रेल्वे रात्री जादा लोकल सोडते, बेस्ट जादा बस काढते, शिवाजी पार्कभोवतीचे काही रस्ते पोलिस गाड्यांना बंद करतात. तेवढी माणसं मोटारींनी आली असती तर मुंबईतला एकही रस्ता पुरला नसता.

स्वीडनच्या स्टॉकहोम शहराने २००६ मध्ये मध्यभागात मोटार आणण्यावर शुल्क लावून पाहिलं आणि २००७ पासून ते कायम केलं. गाड्या सुमारे एक पंचमांश घटल्या. लहान मुलांचे दम्याचे तीव्र झटकेही कमी झाल्याचं पुढे संशोधकांना आढळलं.

कळंबला एवढा खटाटोप नको. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांच्या मोटारी किनाऱ्यापासून दूर, पैसे घेऊन उभ्या कराव्यात. त्या पैशातून महापालिकेच्या परिवहन सेवेने स्टेशन ते समुद्र जादा बस सोडाव्यात. शेअर रिक्षा, भाजी-मासळीची टोपली घेऊन जाणाऱ्या बाया आणि गावकरी यांच्यावर मात्र एक रुपयाही पडू नये. गर्दीचा भार गरिबाच्या खिशावर टाकणारी योजना आपण मान्य करायची नाही. बसची मागणी तोंडी करू नका. प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

तोवर घरात: गर्दीच्या तासांत रस्त्याकडची खिडकी बंद, मागची उघडी. चूल किंवा उदबत्ती असेल तर मागची खिडकी नक्कीच उघडी ठेवा. मुलांना आतल्या गल्लीत खेळू द्या. घरात कुणी रिक्षा चालवत असेल तर रांगेत इंजिन बंद करायला सांगा, गॅसही वाचतो. मुलाला रात्री वारंवार खोकला येत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. पंपाची सवय लागते म्हणून अनेक आया तो टाळतात. पंपाचं व्यसन लागत नाही. त्यातलं औषध थोडं असतं आणि थेट छातीत पोचतं. डॉक्टरांना न विचारता तो बंद करू नका.