बियांपासून अक्षरांपर्यंत



"वाचनालयात मुले येत नाहीत," अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. अकोले तालुक्यातील आदिवासी वाड्यांत काम करताना मला वेगळे दिसले. मूल येते, पण दारातच थांबते. आत कुलूपबंद कपाट आणि पेपर वाचणारी मोठी माणसे असतात.

1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे खेड्यांतील वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. पण डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक असे, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. ठाकर किंवा महादेव कोळी घरातील मुलाची बोली पाठ्यपुस्तकातल्या मराठीहून वेगळी असते. ते अडखळते, लाजते. अशा मुलाच्या हाताला आधी ओळखीचे काम द्यावे लागते.

म्हणून शनिवारी मुले घरून मूठभर बियाणे आणतात : नागली, वरई, काळभात, वाल. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावठी बियाणे जपल्याबद्दल त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली. ही गोष्ट मुलांना लगेच पटते. मुले बिया निवडून पुड्या बांधतात. पुडीवर नाव आधी घरच्या बोलीत लिहितात, मग पुस्तकी मराठीत. पेरणी कधी करतात, हे आजीला विचारून लिहितात. मग कपाट उघडते आणि शेतीची, झाडापाखरांची पुस्तके मुले स्वतः निवडतात.

तिसरीतली एक मुलगी तीन शनिवार गप्प होती. चौथ्या शनिवारी मी एका पुडीवर 'वरई' लिहिले. ती म्हणाली, "ताई, ही वरई न्हाय, राळा हाय." मी खोडले आणि खडू तिच्या हाती दिला. तिने फळ्यावर 'राळा' लिहिले.

दिवाळीनंतर तिचे कुटुंब मजुरीसाठी बाहेर जाते. तिला पुस्तक बरोबर न्यायचे होते. ग्रंथपाल घुटमळले, कारण हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब त्यांनाच द्यावा लागतो. शेवटी भरपाईची हमी आम्ही घेतली आणि पुस्तक तिच्याबरोबर गेले.

आपल्याकडे एवढेच मागणे आहे. घरातली जुनी जाड पुस्तके नकोत. मोठ्या अक्षरांची, चित्रांची पातळ पुस्तके द्या, आणि हरवतील त्यांच्या भरपाईला हातभार लावा. पुस्तक हरवले तर दुसरे घेता येते. वाचायला शिकलेले मूल सहा महिने पुस्तकाविना राहिले, तर मात्र पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी लागते.