होंडा की कावासाकी?

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या मंडळींत घड्याळे नि ग्रामोफोन यांच्या पंक्तीला आता जपानी मोटारसायकलीही येऊन बसल्या आहेत. होंडाची 'सीबी ७५०' मोलाची, की कावासाकीची 'झेड १', हा त्या मंडळींतला न मिटणारा वाद. मी होंडाच्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो.

होंडा प्रथम दिसली १९६८ च्या ऑक्टोबरात, टोकियोच्या प्रदर्शनात. विक्री १९६९ पासून. चार सिलिंडर, ६७ अश्वशक्ती, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, बटण दाबताच सुरू होणारे इंजिन, आणि अमेरिकेत किंमत अवघी १,४९५ डॉलर! त्या वेळी कावासाकीचे अभियंतेही ७५० चेच चार सिलिंडरी इंजिन जुळवीत होते. होंडा पाहून त्यांनी ते बाजूस सारले आणि १९७२ साली ९०३ घनसेंटिमीटरची, ८२ अश्वशक्तीची 'झेड १' आणली. या गुप्त योजनेचे नाव होते 'न्यूयॉर्क स्टेक'. म्हणजे चक्क एका सामिष पदार्थाचे!

इंजिनापुरते बोलायचे तर कावासाकी सरस, हे नाकारण्यात अर्थ नाही. होंडाला कॅमशाफ्ट एक, हिला दोन. हिचा क्रँकशाफ्ट रोलर बेअरिंगांवर फिरणारा, शर्यतवाल्यांनी कितीही पिळला तरी न कुरकुरणारा. १९७३ च्या मार्चमध्ये डेटोनाच्या धावपट्टीवर तिने चोवीस तासांत २,६०० मैलांहून अधिक मजल मारली.

तथापि संग्राहकाचा जीव अडकतो तो होंडाच्या पहिल्या ७,४१४ गाड्यांत. एवढी मोठी गाडी खपेल की नाही, याची कंपनीलाच शंका होती. अंदाज होता वर्षाला १,५०० चा. म्हणून महागडे साचे न करता इंजिनाची कवचे खरबरीत अंगाचीच ओतली. ती 'सँडकास्ट' म्हणून ओळखली जातात. वास्तविक वाळूच्या साच्याशी त्यांचा संबंध नाही, पण नाव पडले ते पडले. पुढे वर्षाचा अंदाज महिन्यावर आला, नवे साचे झाले, कवचे गुळगुळीत निघू लागली. आजीच्या पितळी पातेल्यावरचा पोचा घरच्यांना प्रिय असतो, तसे त्या खरबरीतपणाचे झाले आहे.

कावासाकीची खूण म्हणजे १९७२-७३ चे काळे इंजिन आणि तपकिरी-नारिंगी टाकी. पण रंग काय, पुन्हा देता येतो. सिलिंडरचे माथे तर कंपनीनेच अलीकडे नव्याने ओतून दिले. होंडाचे मूळ कवच मात्र गेले की गेले. सुरुवातीच्या गाड्यांची साखळी तुटून त्याच कवचावर आदळे आणि त्याचा टवका उडवी. त्यामुळे अखंड कवचे कमीच उरली आहेत.

तेव्हा सँडकास्ट घ्यायला जाल तर चकाकणाऱ्या टाकीकडे नंतर पाहा. चौकटीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक आधी वाचा, आणि मग साखळीच्या पुढच्या दातेरी चाकापाशी वाकून, कवचावर वेल्डिंगचा डाग कुठे दिसतो का, ते बॅटरी लावून तपासा.